अंतराळवीर फक्त टेस्ट पायलटच का?

२५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा राकेश शर्मा यांच्या उड्डाणाला ४१ वर्षं उलटून गेली होती. कौतुक व्हायलाच हवं होतं आणि ते झालंही. त्या गडबडीत एक तपशील मात्र फारसा कुणी उचलला नाही. शुक्ला ज्या यानात बसले होते त्याच्या कमांडर होत्या पेगी व्हिटसन. आयोवामधल्या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या, जीवरसायनशास्त्रात पीएचडी केलेल्या, दहा स्पेसवॉक (यानाबाहेर, अंतराळात जाऊन केलेलं काम) नावावर असलेल्या. व्हिटसन कधीच टेस्ट पायलट नव्हत्या. लढाऊ विमानांची चाचणी घेणारा आपला निवडक वैमानिक एका प्रयोगशाळेतून आलेल्या बाईंच्या हुकमतीखाली अंतराळात गेला आणि सुखरूप परतला. ज्या पद्धतीनं आपण आपले अंतराळवीर निवडले, त्या पद्धतीत व्हिटसन यांना अर्ज करायलाही जागा नव्हती.

‘गगनयान’ या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिरुवनंतपुरमला जाहीर झाली: प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघेही वायुसेनेचे टेस्ट पायलट. निवड वायुसेनेच्या अंतर्गतच झाली, बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेच्या तपासण्यांतून. सर्वसामान्य नागरिकांसाठी जाहिरात निघाली नाही. या चौघांच्या पात्रतेबद्दल शंका घेण्याचं काहीच कारण नाही. माझा आक्षेप आहे तो पुढच्या तुकड्यांसाठीही हीच चाळणी आपसूक कायम होण्याला. ही चाळणी किती महाग पडते आणि ती सैल केली की काय हाती लागतं, हे पाहायचं तर एका बाईची कारकीर्द बारकाईनं पाहावी लागेल. अमेरिकेची पहिली महिला स्पेसवॉकर कॅथरिन सलिव्हन.

सलिव्हन मूळच्या भूशास्त्रज्ञ. जन्म १९५१ चा, न्यू जर्सीतला, वाढल्या कॅलिफोर्नियात. महाविद्यालयात गेल्या तेव्हा ओढा परकीय भाषांकडे होता. मग भूशास्त्रानं पकडलं, एक वर्ष नॉर्वेत गेलं, आणि कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौजी विद्यापीठात त्यांनी अटलांटिकच्या तळाशी असलेल्या खडकांवर पीएचडी केली. म्हणजे त्यांची नजर वर आकाशाकडे नव्हती, खाली समुद्राच्या बुडाकडे होती. ‘नासा’नं नव्या स्पेस शटलसाठी अर्ज मागवले तेव्हा त्यांनी अर्ज केला, त्यामागेही मुख्य ओढ पृथ्वी वरून बघायला मिळेल ही होती. जानेवारी १९७८ मध्ये आठ हजारांहून जास्त अर्जांतून ३५ जण निवडले गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. सलिव्हन यांचं वय तेव्हा २६.

ही तुकडी आपोआप घडलेली नाही. सुरुवातीची काही वर्षं अमेरिकेतही नेमकी तीच अट होती जी आज आपल्याकडे आहे. १९५८ च्या अखेरीस ‘नासा’च्या मनात खुली भरती घेण्याचा विचार होता. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी तो थांबवला आणि लष्करी टेस्ट पायलटांतूनच माणसं घ्यायला सांगितलं. कारण सोयीचं होतं: सगळ्यांच्या सेवापुस्तिका तयार, वैद्यकीय नोंदी तयार, गोपनीयतेची पडताळणी झालेली. ५०८ जणांच्या नोंदी चाळून काम उरकलं. तातडीच्या कामासाठी सोयीचा नियम करणं गैर नाही. पण सोयीचा नियम चार-पाच वर्षं टिकला की तो गुणवत्तेचा नियम वाटायला लागतो, आणि मग त्याच्या बाजूनं शपथेवर बोलणारी मोठी माणसं उभी राहतात.

तसं झालंच. १९६१ मध्ये काही महिला वैमानिकांनी खासगी पैशातून, अंतराळवीरांना दिलेल्या वैद्यकीय चाचण्यांसारख्याच चाचण्या दिल्या. तेरा जणी त्यांत उतरल्या. जुलै १९६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी जेरी कॉब यांनी साक्ष दिली. पृथ्वीप्रदक्षिणा करून नुकतेच देशाचे लाडके झालेले जॉन ग्लेन यांनी तिथे सांगितलं की स्त्रिया या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजव्यवस्थेची वस्तुस्थिती आहे. नियम म्हणत होता की टेस्ट पायलट हवा. लष्कराच्या टेस्ट पायलट शाळेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. गंमत अशी की अर्हतेत पदवीचीही अट होती आणि ग्लेन यांनी स्वतः पदवी रीतसर पूर्ण केलेली नव्हती. त्यांचा अनुभव पदवीच्या तोडीचा धरला गेला. कॉब यांच्या हजारो तासांच्या उड्डाणाला मात्र तशी तोड कुणी शोधली नाही. अट वाकवता येत होती. कुणासाठी वाकवायची, एवढाच प्रश्न होता.

आपल्याकडचं चित्र याहून फार वेगळं नाही. वायुसेनेत लढाऊ विमानं उडवणाऱ्या पहिल्या तीन स्त्रिया, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह, जून २०१६ मध्ये दाखल झाल्या. वैमानिकाला टेस्ट पायलट व्हायला त्यानंतर बरीच वर्षं आणि शेकडो तासांचं उड्डाण लागतं. ‘गगनयान’ची निवड २०१९ च्या सुमाराची. तेव्हा या देशात एकही स्त्री पात्र असणं शक्यच नव्हतं. कुणी मुद्दाम दार लावलं नाही हे खरं, पण दार लागलेलंच होतं. महिलांना पुढे संधी मिळेल असं इस्रोकडून याआधीही सांगितलं गेलं आहे. दरम्यान मानवाआधीच्या चाचणी उड्डाणासाठी ‘व्योममित्र’ तयार झाली. ती यंत्रमानव आहे आणि तिचा चेहरा बाईचा आहे. हा विनोद कुणी जाणूनबुजून केला असेल असं वाटत नाही, आणि म्हणूनच तो जास्त बोचतो.

पण हा लेख फक्त स्त्रियांच्या वाट्याबद्दल नाही. १९७८ च्या त्या खुल्या निवडीचा खरा फायदा ‘नासा’ला झाला, आणि तो मोजता येतो.

५ ऑक्टोबर १९८४ रोजी ‘चॅलेंजर’ हे शटल सात जणांना घेऊन निघालं. एवढ्या माणसांचं ते पहिलंच अंतराळ उड्डाण. कमांडर रॉबर्ट क्रिपन आणि पायलट जॉन मॅकब्राइड हे दोघेही नौदलाचे वैमानिक. बाकीच्यांत सलिव्हन होत्या, सॅली राइड होत्या, आणि पॉल स्कली-पॉवर नावाचा एक समुद्रशास्त्रज्ञ होता. यानावर पृथ्वीचं रडारचित्रण करणारी यंत्रणा होती. वैमानिकांनी यान सांभाळलं; बाकीच्यांनी खाली पाहिलं, आणि काय पाहायचं हे त्यांना ठाऊक होतं. समुद्राच्या पृष्ठभागावरचे सर्पिल भोवरे किती सर्रास आढळतात हे स्कली-पॉवर यांनी त्या उड्डाणात टिपलं. सराईत वैमानिकाच्या नजरेलाही ते दिसले असते, पण त्यांत नोंदवण्यासारखं काही आहे हे त्याला कळलं असतं का?

११ ऑक्टोबरला सलिव्हन आणि डेव्हिड लीस्टमा यानाबाहेर गेले. साडेतीन तासांचा स्पेसवॉक. काम होतं उपग्रहात पुन्हा इंधन भरता येतं का हे पाहण्याचं. इंधन हायड्रॅझिन, म्हणजे विषारी आणि स्फोटक. जाड हातमोज्यांत बोटं नीट वळत नाहीत अशा अवस्थेत, जोडणीसाठी कधी बनवलेलाच नाही अशा प्रकारच्या झडपेला नळी जोडायची, आणि गळती होऊ द्यायची नाही. त्यांनी ते केलं. यानाचा एक अँटेना बिघडला होता, तोही हातांनी धरून जागेवर बसवला. उपग्रह एकदा सोडला की इंधन संपेपर्यंतच त्याचं आयुष्य, ही धारणा त्या दिवशी पहिल्यांदा ढिली झाली.

जगातली पहिली महिला स्पेसवॉकर हा मान मात्र सलिव्हन यांना मिळाला नाही. सलिव्हन बाहेर जाणार हे जाहीर होऊन काही महिने झाले होते. २५ जुलै १९८४ रोजी सोव्हिएत अंतराळवीर स्वेतलाना सावित्स्काया ‘सॅल्यूट-७’ स्थानकाबाहेर आल्या आणि तीन तास ३५ मिनिटं त्यांनी धातू कापण्याचं, जोडण्याचं काम करून दाखवलं. हा योगायोग होता असं मानणारे फार थोडे. सावित्स्काया उत्तम होत्या, विमानोड्डाणाचे जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते, त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. पण सोव्हिएत पद्धतीत स्त्री अंतराळवीर बहुतेक वेळा विक्रमाच्या यादीतली एक ओळ राहिली. १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा गेल्या आणि त्यांच्यानंतर दुसरी स्त्री पाठवायला त्या देशानं १९ वर्षं घेतली. ज्यांना फक्त पहिलं यायचं असतं त्यांना दुसऱ्या माणसाची गरज वाटत नाही. भारतानं हा मार्ग टाळावा असं मला वाटतं: एका उड्डाणात एक बाई बसवायची, फोटो काढायचे, आणि निवडीची चाळणी तशीच ठेवायची. त्यापेक्षा उशीर झालेला बरा.

सलिव्हन यांचं माझ्या मते सर्वांत मोठं काम मात्र त्या साडेतीन तासांतलं नाही, आणि ते कॅमेऱ्यासमोर घडलेलंही नाही. १९८५ मध्ये त्यांना हबल ही दुर्बीण अंतराळात सोडण्याच्या मोहिमेवर नेमलं गेलं. सोबत ब्रूस मॅककँडलेस, म्हणजे फेब्रुवारी १९८४ मध्ये कुठल्याही दोरीविना यानापासून दूर तरंगत गेलेला तो माणूस. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’चा स्फोट झाला. मेलेल्या सात जणांत चौघे सलिव्हन यांच्याच १९७८ च्या तुकडीतले होते. शटल थांबले, हबल जमिनीवर अडकून पडली. त्या रिकाम्या वर्षांत सलिव्हन, मॅककँडलेस आणि अभियंत्यांनी दुर्बिणीची दुरुस्ती अंतराळात कशी करायची याची हत्यारं आणि क्रम पक्का केला. कुठला बोल्ट हातमोज्यातल्या हाताला फिरवता येतो, कुठली जोडणी अडते, कुठे पकडायला दांडा लागेल, कुठला पाना लागेल. अत्यंत कंटाळवाणं, न दिसणारं काम.

२५ एप्रिल १९९० रोजी हबल ‘डिस्कव्हरी’च्या यांत्रिक हाताला लटकलेली असताना तिचा एक सौरपंखा उघडेना. सलिव्हन आणि मॅककँडलेस पोशाख चढवून एअरलॉकमध्ये, म्हणजे यानाच्या बाहेरच्या दारालगतच्या बंद खोलीत, बसले, बाहेर पडायच्या तयारीत. तेवढ्यात जमिनीवरून दिलेल्या आज्ञेनं पंखा उघडला. दोघं आतच राहिले. दुर्बीण स्वतंत्रपणे कक्षेत सुटली तो क्षण त्यांना पाहताही आला नाही. पुढे दोन महिन्यांत उघड झालं की हबलचा आरसाच चुकीच्या आकाराचा घासला गेला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये पाच स्पेसवॉक करून ती दुरुस्त झाली. कशामुळे? दुरुस्तीची सोय आधीपासून तिच्यात होती, आणि ती सोय कुणीतरी वर्षानुवर्षं हातानं तपासलेली होती.

त्या दुरुस्तीला बाहेर गेलेले चौघे कोण होते ते पाहा. स्टोरी मसग्रेव्ह हे शल्यचिकित्सक. जेफ्री हॉफमन हे खगोलशास्त्रज्ञ, सलिव्हन यांच्याच तुकडीतले. कॅथरिन थॉर्नटन या भौतिकशास्त्रज्ञ. टॉम एकर्स हे वायुसेनेचे टेस्ट इंजिनिअर. चौघांत टेस्ट पायलट एकही नाही. आज आपल्या भिंतींवर, पाठ्यपुस्तकांत, मोबाइलच्या पडद्यावर ज्या आकाशगंगा दिसतात त्यांतल्या कितीतरी या माणसांच्या बोटांतून आलेल्या आहेत. टेस्ट पायलटांचा तो नियम १९७८ मध्येही तसाच राहिला असता तर हॉफमन एखाद्या वेधशाळेत बसून ती बिघडलेली दुर्बीण पाहून हळहळले असते.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते पोकळ नाही. नवं यान, नवा रॉकेट, नवी जीवनरक्षक यंत्रणा. अशा उड्डाणात अनपेक्षित काही घडलं तर क्षणात निर्णय घेण्याची सवय ज्याच्या अंगवळणी पडली आहे तोच आत हवा. मला हे मान्य आहे. शटलच्या पहिल्या चार उड्डाणांतही दोन-दोन वैमानिकच गेले. वैमानिक नसलेले तज्ज्ञ नोव्हेंबर १९८२ च्या पाचव्या उड्डाणापासून बसू लागले. ‘गगनयान’ची पहिली मानवी उड्डाणं टेस्ट पायलटांनीच करावीत, त्याला माझा विरोध नाही.

पण तारखांचा क्रम नीट लावून पाहा. शटल पहिल्यांदा उडालं १२ एप्रिल १९८१ रोजी. सलिव्हन, हॉफमन आणि त्यांच्या तुकडीची निवड झाली जानेवारी १९७८ मध्ये. म्हणजे यान उडण्याच्या तीन वर्षं आधी, ते उडेल की नाही याचीच वाद-चर्चा चालू असताना. पहिल्या उड्डाणात वैमानिक आणि प्रशिक्षणात शास्त्रज्ञ, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. ‘आधी यान सिद्ध होऊ दे, मग शास्त्रज्ञांचं बघू’ हे वाक्य सावधपणाचं वाटतं, पण ते तसं नाही. अंतराळवीर तयार व्हायला वर्षं लागतात. यान सिद्ध झाल्यावर भरती सुरू केली तर सिद्ध झालेलं यान योग्य माणसांची वाट पाहत उभं राहील.

भारताला २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं आहे, त्याच्या पहिल्या भागाला मंत्रिमंडळाची मंजुरीही मिळाली आहे. स्थानक म्हणजे काही दिवसांची सहल नव्हे. तिथे महिनोन्‌महिने राहायचं, प्रयोग चालवायचे, बिघडलेले पंप बदलायचे, बाहेर जाऊन केबली जोडायच्या. उड्डाणाचं कौशल्य लागतं ते जाताना आणि येताना. मधल्या सगळ्या काळात लागतात डॉक्टर, अभियंते, भूशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ.

आणि पोशाखाचा प्रश्न तर आजच सुटायला हवा. मार्च २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर दोन स्त्रियांचा एकत्र स्पेसवॉक ठरला होता. ॲन मॅक्लेन यांना धडाचा मध्यम आकार बसत होता, आणि तयार असा मध्यम आकार एकच होता. बेत बदलावा लागला. तो स्पेसवॉक झाला १८ ऑक्टोबर २०१९ रोजी, क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मेअर यांचा. स्थानकाची उभारणी सुरू होऊन वीस वर्षं झाली तरी मापाची अडचण उरली होती, कारण पोशाखांचे आकार ठरवताना काटकसर झाली होती. आपला स्पेसवॉकचा पोशाख अजून घडायचा आहे. तो घडवताना समोर फक्त वायुसेनेच्या वैमानिकांची उंची-रुंदी असेल तर पोशाख त्यांच्याच मापाचा होईल, आणि दहा वर्षांनी कुणीतरी अगदी प्रामाणिकपणे सांगेल की बाई, तुम्ही पात्र आहात, पण पोशाख तुमच्या मापाचा नाही.

आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. १९८० च्या दशकात इन्सॅट-१सी उपग्रहासोबत शटलमधून जाण्यासाठी इस्रोनं स्वतःच्या अभियंत्यांतून पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट यांची निवड केली होती. ‘चॅलेंजर’च्या अपघातानं ते उड्डाण रद्द झालं आणि ती वाटच आपण विसरलो. त्याहून जवळचं उदाहरण बर्फातलं. १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकाला गेलेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि मूळच्या नागपूरच्या, गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत. पुण्यात शिकलेली ही समुद्रशास्त्रज्ञ बर्फाळ खंडावर नमुने गोळा करून आली ते वर्ष आणि समुद्रतळाची अभ्यासक सलिव्हन यानाबाहेर गेली ते वर्ष एकच. अंटार्क्टिकासाठी आपण शास्त्रज्ञ निवडले, कारण तिथे विज्ञान करायचं होतं. अंतराळासाठी आपण वैमानिक निवडले, कारण तिथे फक्त जाऊन यायचं होतं. आता तिथे राहायचं आहे.

सलिव्हन तीन वेळा अंतराळात गेल्या. नंतर अमेरिकेची हवामान आणि महासागर संस्था ‘नोआ’ त्यांनी २०१४ ते २०१७ चालवली. जून २०२० मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या प्रशांत महासागरातल्या चॅलेंजर डीप या समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या तळाशी, सुमारे ११ किलोमीटर खोल, जाऊन आल्या. तिथे पोहोचलेल्या पहिल्या स्त्री. वर आल्यावर त्यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला फोन लावला. मूळच्या विषयाशी त्यांनी कधीच फारकत घेतली नाही, आणि सरकारला त्याचा फायदा निवृत्तीनंतरही मिळत राहिला. अंतराळवीराला एका उड्डाणाचा प्रवासी मानणाऱ्या पद्धतीत असं काही उगवत नाही.

दुसऱ्या तुकडीत बिगर-लष्करी शास्त्रज्ञ असावेत अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. चर्चेपेक्षा जाहिरात बरी. अर्हता छापील असावी, वैद्यकीय निकष खुले असावेत, किती जणांनी अर्ज केला आणि किती जण कुठल्या टप्प्यावर गळले हे जाहीर व्हावं. वायुसेनेचे वैमानिकही त्याच स्पर्धेत असावेत, बरेच जण निवडलेही जातील. सलिव्हन यांना निवडीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत जवळजवळ सात वर्षं लागली. २०३५ च्या स्थानकात शास्त्रज्ञ हवे असतील तर २०२८ मध्ये ते प्रशिक्षणाला बसलेले हवेत. निवडीला वर्ष-दीड वर्ष जातंच. म्हणजे जाहिरात २०२७ च्या आत निघायला हवी, आणि ती वायुसेनेच्या परिपत्रकात नव्हे, एमएस्सी-पीएचडी करणारी मुलं-मुली नोकरीच्या जाहिराती जिथे बघतात तिथे.